सोडलेली जागा

पाशा सरांचा कुठला फोटो लावायचा, यावर शिक्षकांच्या खोलीत एकमत होईना. शेवटी मच्छिंद्र म्हणाला, "तिकडचाच लावा. पोरांच्या गराड्यात कसा हसतोय बघा."

उपमुख्याध्यापक म्हणून शोकसभेचं सगळं त्याच्याच अंगावर होतं. आठ महिन्यांपूर्वी पाशा गणित शिकवायला आफ्रिकेत गेला आणि ज्येष्ठतेनं त्याला मिळणारी उपमुख्याध्यापकाची खुर्ची मच्छिंद्रकडे आली. गेल्या महिन्यात बाजारातून परतताना पाशाला कुणीतरी गोळ्या घातल्या. दफनही तिकडंच झालं.

दौंडच्या या शाळेत पाशाचं वाईट चिंतणारा माणूस शोधून सापडला नसता. गळीत हंगामात शनिवारी शाळा सुटली, की तो पाटसला जायचा, ऊसतोड्यांच्या पोरांना पाढे शिकवायला. शिपाई मारुतराव तर फोटोची काच पुसता पुसताच रडायला लागला.

सभेला तळेगाव ढमढेऱ्याहून पाशाची आई जन्नतबी आली, सुनेचा, शायनाचा हात धरून.

मुख्याध्यापिका अनिताबाई उभ्या राहिल्या. "परदेशासाठी निवड खरं तर मच्छिंद्र सरांची झाली होती. पण पाशा सरांच्या घराचं बांधकाम पैशांवाचून अर्धवट राहिलेलं. म्हणून यांनी आपली जागा त्यांना दिली."

जन्नतबी उठली आणि थेट मच्छिंद्रसमोर येऊन उभी राहिली. त्याला वाटलं, आता ही तळतळाट देणार.

"सर, तुमी मनाला लावून घेऊ नगा," म्हातारी म्हणाली. "तुमी त्याचं भलंच चितलं व्हतं. म्होरचं कुनाच्या हातात हाय? फोनवर सांगायचा, अम्मी, मच्छिंद्र माझा भाऊच हाय म्हनून."

तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला. मच्छिंद्र खाली बसला. शायनानं पाणी आणून दिलं. अनिताबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

निवडीचं पत्र आलं त्याच आठवड्यात मच्छिंद्रला तिकडच्या एका शिक्षकाचा फोन आला होता. "ही जागा रिकामी कशी झाली, ते तुम्हाला कुणी सांगणार नाही. आधीच्या सरांना पळवून नेऊन मारलं. त्यांच्या आधीच्यांनाही. तुम्ही येऊ नका सर, आणि दुसऱ्या कुणाला येऊही देऊ नका."

त्या फोनच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच मच्छिंद्र पेढे आणि निवडीचं पत्र घेऊन पाशाच्या घरी गेला.