रुसवा-फुगवा

परगावची नोकरी घेतली, हे सांगितल्यापासून बाबा माझ्याशी बोलत नव्हते. नुसते गाल फुगवून बसले होते. शेवटी मी त्यांना त्यांच्या लाडक्या मत्स्यालयात घेऊन गेले, तर तिथेही स्वारी माझ्या चार पावलं पुढे!

एका टाकीत अंगभर ठिपके आणि पाचूसारखे डोळे असलेला एक इवला मासा मजेत तरंगत होता. तेवढ्यात काच पुसायचा ब्रश आत आला आणि तो बघता बघता चेंडूसारखा टम्म फुगला.

शेजारची चिमुरडी ओरडली, "आई, बघ ना, मासा रागावला!"

माशांचा विषय निघाल्यावर बाबांना थोडंच गप्प राहवतंय! वाकून तिला म्हणाले, "रागावला नाही गं, घाबरलाय बिचारा. घाबरला की असाच फुगतो तो. लोकांना उगाच वाटतं, केवढा हा राग!"

"मग आता काय करायचं?"

"काही नाही. शांतपणे थांबायचं. उतरतो आपोआप."

मी चार पावलं पुढे गेले आणि बाबांच्या शेजारी शांतपणे थांबले.

बऱ्याच वेळाने, काचेवरची नजर न काढता बाबांनी विचारलं, "तिकडे आहे का गं मत्स्यालय?"