समोरून येणारी गाडी

गाडी तिसऱ्यांदा त्याच विटेवर आदळली आणि चाकं वर करून पडली. आजोबांनी रिमोट कानाशी नेऊन हलवून पाहिला. आत काही सुटलं असेल तर खुळखुळेल. काही खुळखुळलं नाही.

गच्चीवर सकाळपासून त्यांनी एकट्यानं ट्रॅक मांडला होता. बागेचा जुना पाईप उभा चिरून दोन्ही बाजूंना कडा, वळणांवर विटा, मध्ये फळीचा पूल आणि खडूनं आखलेली सुरुवातीची रेघ. संध्याकाळी नातीचा वाढदिवस. तिच्या मैत्रिणी येणार, रिमोटच्या गाड्या पळवणार. त्याआधी एक फेरी आपण मारून बघावी म्हणून आजोबा रेघेपाशी उभे राहिले आणि तिथंच घोडं पेंड खायला लागलं.

जाताना गाडी सुतासारखी सरळ. टोकाचं वळण घेऊन परत निघाली, की डावीकडे वळवावी तर उजवीकडे जाई. चाळीस वर्षं बस चालवलेला माणूस. दोन्ही बाजूंना वीतभर जागा असली तरी बस अलगद काढणारा. आणि इथं वीतभर गाडी ऐकेना. अंगण वाकडं म्हणायचीही सोय नव्हती. अंगण त्यांनीच आखलं होतं.

रिमोटच्या पोटाला गाडीचं डावं-उजवं उलटं करणारा एक बारीक खटका होता. तो त्यांनी फिरवला. आता गाडी जातानाच विटेवर गेली, आणि उचलून परतीच्या वाटेवर ठेवली तर शहाण्यासारखी आली. आजोबांनी खटका पुन्हा होता तसा केला. कपाळावर घाम आला होता.

मुलगी पलीकडे दोरीवर कपडे वाळत घालत होती, बघून न बघितल्यासारखं करत. मंगळवारपासून मोटारीची चावी तिच्या पर्समध्ये होती. मंगळवारी चौकात तिनं उजवीकडे सांगितलं आणि बाबांनी डावीकडे वळून एकेरी गल्लीत उलट्या दिशेनं गाडी घातली. समोरून टेम्पो आला, थोडक्यात वाचले. असं तिचं म्हणणं. आजोबांनी डावीकडेच ऐकलं होतं. पण मुलगी नर्स, रोज शंभर जणांना शंभर औषधं न चुकता देणारी. तिचं कसं चुकेल? म्हणून ते गप्प बसले. येत्या सोमवारी ती त्यांना डोक्याच्या डॉक्टरांकडे नेणार होती.

परतताना गाडी पुन्हा त्याच विटेवर आदळली.

"बाबा, राहू द्या. बसा जरा."

"मला काय झालंय बसायला?"

"काही नाही."

"मग बसा का म्हणतेस?"

तिनं हात पुसले आणि रिमोट मागितला. "आणा इकडे. खेळणंच बिघडलं असेल." तसं असावं असं तिला फार वाटत होतं, पण खरं वाटत नव्हतं.

तिची गाडी नीट गेली. वळली. आणि येताना विटेवर. ती हसली. दुसऱ्यांदा विटेवर, तेव्हा हसली नाही. तिसऱ्यांदा दातओठ खाऊन चालवली, तरी विटेवर.

आजोबांचा चेहरा उजळला आणि लगेच पडला.

"तू लहान असताना पत्त्यांत मी तुझ्याशी असाच मुद्दाम हरायचो," ते म्हणाले. "मला नको हं हे."

"तुमची शपथ बाबा, मला खरंच जमत नाहीये."

खरं मानावं की लटकं, त्यांना कळेना. तिनं गाडी पुन्हा रेघेवर ठेवली. आता ती तोंडातल्या तोंडात पुटपुटत होती. "माझ्याकडे तोंड करून येतेय... म्हणजे माझं डावं ते हिचं उजवं." अंगठा थांबला. गाडी पुलावर उभी राहिली.

"बाबा, मंगळवारी मी गाडीत कशी बसले होते हो?"

"पुढं, माझ्या शेजारी. पण मागं तोंड करून. पोर ओकली होती, तिचं तोंड पुसत होतीस."

"आणि तुम्ही काय ऐकलंत?"

"डावीकडे."

तिनं रिमोट खाली ठेवला. "मी डावंच म्हटलं असणार, बाबा. मागं तोंड करून बसलेलीचं डावं. चूक माझी होती. आणि चार दिवस तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत?"

"तुझं कधी चुकत नाही. म्हटलं, माझेच कान गेले. नाहीतर डोकं."

तिला रडू फुटलं. ती तशीच जिना उतरून गेली, चावी घेऊन वर आली आणि त्यांच्या तळहातावर ठेवून तिनं त्यांची मूठ मिटली. "सोमवारचं रद्द. मीच फोन करते."

आजोबांना हायसं वाटलं. चार दिवसांत पहिल्यांदा छातीवरचं ओझं उतरलं. ते कठड्याला टेकून उभे राहिले. खाली त्यांची मोटार धूळ खात उभी होती. तिच्याकडे बघता बघता पुन्हा त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"त्या गल्लीच्या तोंडाशी पाटी होती ना गं? प्रवेश बंदची?"

पाटी होती. लाल, ताटाएवढी.

"बसमध्ये प्रवासी काहीही ओरडतात. वळायचं पाटी बघून." त्यांनी मूठ उघडली आणि चावी तिच्या हातात परत ठेवली. "मला ती दिसलीच नाही, पोरी. सोमवारी किती वाजता जायचंय?"