मागचा पाय

हिर्डोशीला चित्रकारांच्या दोन महिन्यांच्या निवासी शिबिरात गेले, तेव्हा माझी स्वतःची शैली होती. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या सारजाबाईंनी मी काढलेली त्यांची शेळी पाहून विचारलं, "ह्यो ढग हाय व्हय?" मी अर्धा तास त्यांना अमूर्त कला समजावली. त्यांनी मला चहा पाजला.

मग मी मुकाट्यानं रोज त्यांच्या शेळ्यांमागं डोंगर चढू लागले आणि दिसेल तेवढंच काढू लागले. शेवटच्या दिवशी चित्र दाखवताना आधीच सांगून टाकलं, "मागचा पाय चुकलाय, सारजाबाई."

त्यांनी चित्र उजेडाकडे धरून पाहिलं. "चुकला न्हाई गं पोरी," म्हणत गोठ्यात गेल्या आणि शेळीच्या खुरातून बोटभर काटा उपसून आल्या.

माझ्या आयुष्यातलं पहिलं अचूक चित्र, आणि मी रबर शोधत होते.