अडकलेला सीटबेल्ट

"पप्पा, हा बघा माझा हार!" पिकअपच्या सीटवर गुडघे टेकून ईश्वरी म्हणाली.

रोहिदासनं वर पाहिलं आणि त्याच्या हातातला पाना गळून पडला. जुन्या गाडीचा अडकलेला सीटबेल्ट तो सकाळपासून दुरुस्त करत होता. पट्टा गुंडाळणाऱ्या रिळातली धूळ काढून, स्प्रिंग मोकळी करून त्यानं तो नुकताच परत बसवला होता. चार वर्षांच्या पोरीनं तोच गळ्याभोवती गुंडाळून घेतला होता.

तो सोडवायला गेला, तर पट्टा बाहेर येईना. ओढला की अडकायचा, जरा ढील दिली की आणखी आत जायचा. ईश्वरीचं हसू थांबलं.

"पप्पा, दुखतंय," ती पुटपुटली. मग तिचा आवाजच निघेना.

"मनीषा, सुरी आण! लवकर!" त्यानं घराकडे तोंड करून बायकोला हाक मारली. त्यानं एका हाताची बोटं कशीबशी पट्ट्याखाली, पोरीच्या मानेशी सारली. तेवढ्यात त्याला दिसलं, रिळाचा बोल्ट आवळायचा राहिला होता. रीळ तिरकं झालं होतं, म्हणूनच पट्टा लॉक झाला होता. दुसऱ्या हातानं त्यानं ते सरळ उभं धरलं. खट्कन आवाज झाला आणि पट्टा सैल पडला.

ईश्वरी खोकली आणि मोठ्यानं रडू लागली.

मनीषा सुरी घेऊन धावत आली. "काय कापायचंय? ही का रडतेय?"

रोहिदासनं पोरीच्या मानेवरचे केस बाजूला करून पट्ट्याचा लाल वळ दाखवला.