लाटांतली फांदी

मुलीने प्रवाळाचे दोन तुकडे बाबांच्या टेबलावर ठेवले आणि खुर्ची ओढून घेतली. उभ्याउभ्या सांगण्यासारखी ही गोष्ट नव्हती.

एक तुकडा लांब, नाजूक फांद्यांचा, संथ पाण्यातला. दुसरा आखूड, मुठीसारखा गच्च. लाटा फुटतात तिथला. बाबांनी दुसरा उचलला.

"ही आपली. काय सुरेख वाढलीय."

चाळीस वर्षांपूर्वी संग्रहालयात नोकरीला असताना बाबांनी या आखूड प्रवाळाला वेगळी प्रजाती ठरवून आईचं नाव दिलं होतं. त्यांनी नाव दिलेली प्रजाती ही एवढीच. घरी पाहुणा आला की चहाच्या आधी तिची गोष्ट येई. आता संग्रहालयात त्यांच्याच खुर्चीवर मुलगी बसत होती.

"ती आपली नाही, बाबा. चार वर्षांपूर्वी संथ पाण्यातली फांदी तोडून मी लाटांत लावली. ती अशी वाढली."

बाबांनी भिंग घेतलं. प्रवाळातला जीव ज्या इवल्या वाटीत राहतो, तिच्यातले दगडी पडदे मोजले. इकडे चोवीस. तिकडेही चोवीस.

"म्हणजे दोन्ही प्रजाती एकच."

"आपलीची जनुकंही तेच सांगतात. नियमाने आधी दिलेलं नाव राहील, संथ पाण्यातलीचं." आईचं जाईल, हे तिच्या तोंडून निघेना.

बाबांनी दोन्हीकडचे पडदे पुन्हा एकदा मोजले. मग हसले.

"मी फांद्यांवर भुललो. छापून टाक. फक्त आईला तूच सांग. माझी नाही छाती."

"सांगायला कशाला हवं? ऐकतेय मी," दारातून आई म्हणाली. बाबांच्या त्या शोधनिबंधातली चित्रं तिनेच काढली होती. तिने कपाटातून तो पिवळा पडलेला अंक काढला. दोन्ही प्रवाळांच्या वाट्या एकाच पानाच्या पाठपोट छापलेल्या होत्या.

"खिडकीशी धर."

मुलीने पान उजेडात धरलं. रेघेवर रेघ बसली. चोवीसच्या चोवीस.

"म्हणजे तुला तेव्हाच कळलं होतं?" बाबांनी भिंग खाली ठेवलं. "मग बोलली का नाहीस?"

"मी दिसलं तसं काढलं. चाळीस वर्षं छापून पडलंय, कुणीही बघावं." आईने अंक मिटला. "पण नाव माझं होतं. ते मीच कशाला खोडू?"