एका बटणाचा सिनेमा

आईने रिमोटचं एकच बटण दाबलं आणि सिनेमा सुरू झाला. थोरलीला ते बघवलं नाही.

"बघितलंस? काल जिथे सोडला होता तिथूनच लागला," आई म्हणाली. "माझं लक्षात ठेवतो तो."

'तो' म्हणजे टीव्हीमागचा नवा डबा. गेल्या आठवड्यात धाकटीने आणून बसवला होता. बाबांनी जन्मभर जमवलेले सिनेमे, गाणी, घरातले व्हिडिओ, सगळं तिने एका दुपारी त्यात भरलं आणि हात झटकून मोकळी झाली. आता पडद्यावर मोठमोठी चित्रं दिसत. हवं त्या चित्रावर जायचं आणि दाबायचं. बाबांना जाऊन अजून पुरते तीन महिनेही झाले नव्हते, आणि बाबांची यंत्रणा शेल्फच्या खालच्या खणात गेली होती. तिच्या वायरीसुद्धा धाकटीनेच गुंडाळल्या होत्या, घट्ट पीळ देऊन. बाबा वायरीला कधी पीळ पडू देत नसत.

ती यंत्रणा बाबांनी आणि थोरलीने मिळून उभी केली होती. सॉफ्टवेअर ओपन सोर्स. कुणीही उघडावं, हवं तसं बदलावं. या दोघांनी बदलायचं काही शिल्लकच ठेवलं नव्हतं. लाल बटण दाबून धरलं की खालची अक्षरं मोठी होत. हिरवं दोनदा दाबलं की आवाज झोपायच्या खोलीतल्या स्पीकरवर जाई. जुन्या गाण्यांमधली खरखर काढायला बाबांनी स्वतः कोड लिहिला होता. सुटीच्या दिवशी बापलेक त्या पडद्यासमोर बसले की जेवायला हाका मारून मारून आईचा घसा बसायचा. पुढे बाबांचे डोळे अधू झाले, मेनूतली बारीक अक्षरं दिसेनाशी झाली. मग सिनेमा लावायला थोरलीच यायची. दोन गल्ल्या सोडून तर राहत होती. सोफ्यावर मधली जागा तिची.

आणि जिने कधी एक वायर हातात धरली नाही ती धाकटी आता आयत्या बिळावर नागोबा होऊन बसली होती.

"तोंड कशाला वाकडं करतेस, ताई?" धाकटी ओले हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली. "हेही ओपन सोर्सच आहे."

"असेल. पण ह्यात बदलता काय येतं? मागचा रंग?"

"आईला रंग नाही बदलायचाय, सिनेमा बघायचाय. तुमच्या त्या प्रकरणाचा नुसता आवाज वाढवायला विमान चालवायचं लायसन्स लागायचं."

आई खुदकन हसली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा हसली, आणि हसली ती धाकटीच्या बोलण्यावर.

हा डबा येण्याआधी आईचा रोज संध्याकाळी फोन यायचा. "अगं, आवाज पुन्हा आत गेला, काय दाबू?" बाहेरच्या खोलीत नायिका मुक्याने ओठ हलवायची आणि तिचं रडणं आतल्या पलंगापाशी ऐकू यायचं. थोरली फोनवरून सांगायची, नाहीच जमलं तर चप्पल सरकवून निघायची. दार उघडताना आई म्हणायची, "आलीस बाई!" त्या दोन शब्दांवर थोरली दुसऱ्या दिवसापर्यंत तग धरायची. डबा आला आणि फोन बंद झाला. धाकटीने आईला सिनेमा दिला नव्हता, थोरलीकडून आई काढून घेतली होती.

धाकटी दुकानात जायला म्हणून बाहेर पडली. दार लागल्याबरोबर थोरली उठली आणि खालच्या खणापाशी जाऊन बसली.

"काय करतेस गं?"

"बाबांचं परत जोडते. तुझ्यासाठी सोपं करून देते, आई. तीनच बटणं ठेवते. ह्यात सगळं बदलता येतं, तेच तर आहे."

"नको."

"अगं, ह्याच्यातल्या एकेका गोष्टीवरून बाबांचा हात फिरलाय. तिच्या त्या डब्यात बाबा कुठे आहेत?"

आईने सिनेमा थांबवला. कुणाला न विचारता, रिमोटकडे न पाहता.

"तिच्यावर कशाला चिडतेस? तो डबा मीच आणायला सांगितला तिला."

थोरलीच्या हातातली वायर हातातच राहिली.

"मग मला सांगायचं होतंस," ती म्हणाली. "मी नसता करून दिला? मी काय मेले होते?"

"ह्यांना सांगितलं होतं. किती वर्षं झाली त्याला. म्हटलं, मला एकटीला लावता येईल असं काहीतरी करून द्या. तर म्हणाले, कशाला, थोरली आहे की."

"मग? होतेच ना मी! एकदा तरी नाही म्हटलं का? पावसापाण्याची आले, ताप अंगात असताना आले."

"आलीस. दर वेळी आलीस." आई पडद्यावरच्या थांबलेल्या चित्राकडे बघत राहिली. "खोटं कशाला बोलू? बेल वाजली की राग यायचा मला तुझा."

"माझा?"

"एक सिनेमा गं. ह्यांच्या शेजारी बसून, आम्ही दोघांनीच बघितलेला असा एक सिनेमा नाही माझ्याकडे."