हिर्डोशीचं इमान

"बसा वो पाव्हणं, इमान एवढ्यात यील," सगुणाबाई पुन्हा म्हणाली. बसून बसून रखमाजीच्या पायाला मुंग्या आल्या होत्या.

रखमाजी शिवऱ्याहून लेकीला न्यायला आला होता. हौसेनं नव्हे. सगुणाबाईनंच निरोप धाडला होता, की सून आळशी आहे, शिवाय तोंड वर करून खोटं बोलते, घेऊन जा. परत कधी धाडायची, हे त्या निरोपात नव्हतं. रतन गाठोडं पोटाशी धरून दाराशी उभी होती. लग्नानंतर अजून एक दिवाळीही झाली नव्हती आणि रडून पोरीचे डोळे सुजले होते.

गुन्हा म्हणाल तर विमानाचा. हिर्डोशीच्या त्या वाडीत घड्याळ कुणाकडे नव्हतं, आणि पावसाळ्यात वरंध्याच्या डोंगरावर ढग ठाण मांडून बसले की सूर्यही तोंड दाखवत नसे. मुंबईहून दक्षिणेकडे जाणारं सरकारी विमान तेवढं रोज दुपारी ढगांच्या वरून घरघरत जाई. गाव त्याला इमान म्हणे, आणि त्याच्यावर भरवसाही तसाच ठेवी. सगुणाबाईनं सुनेला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. इमान वाजलं की भाकरीची पाटी डोक्यावर घ्यायची आणि खाचराकडं निघायचं.

रतन अगदी तसंच करत होती. तरीही भाकरी कधी वेळेवर येई, तर कधी माणसं भुकेनं कासावीस झाल्यावर. खाचर ओढ्याच्या काठाला. ओढा असा गर्जे की तिथं विमान राहू द्या, शेजारच्या बांधावरची हाकही ऐकू येत नसे. मग सासू कडाडे, "कुठं उलथली व्हतीस?" आणि सून खाली मान घालून म्हणे, "आत्याबाई, इमानच उशिरा आलं."

या उत्तरानं सगुणाबाईच्या अंगाचा तिळपापड होई. नुसता आळस तिनं पोटात घातलाही असता. पण आळ कुणावर घालायचा, तर थेट दिल्लीच्या सरकारवर? "त्याला काय बैलं जुपल्याती, उशिरा यायला?" ती म्हणे, आणि बांधावरची माणसं हसत.

आज मात्र ती खाचरावर न जाता घरी थांबली होती. भोरची एष्टी विमानाच्या मागोमाग फाट्यावर येते, असा तिचा हिशेब होता. "आत्तापासनं जाऊन भिजत कशाला उबं ऱ्हाताय? इमान गेलं की निघा," असं म्हणून तिनं रखमाजीला बसवून ठेवलं होतं. राग सुनेवर होता, व्याह्यावर नव्हता.

रखमाजीनं भोरच्या बाजारातून आणलेला गोडी शेवेचा पुडा कुणी सोडलाही नव्हता. सगुणाबाईनं तो सोडला, शेव ताटलीत ओतली आणि कागद चुलीत घालायला उचलला. हात तिथंच थांबला. कागदावर चित्र होतं. तिला अक्षरओळख नव्हती, पण चित्र दिसलं की ती लहान पोरासारखी हरखून जाई. कागद दाराच्या उजेडात धरून ती पाहू लागली.

"अगं बया, हे तर इमान! आन ह्यो सायेब पेटी घिऊन उबा. तोंड कसं गुळगुळीत बगा." मग तिचं बोट शेजारच्या चित्रावर गेलं. "आन ह्यो म्हातारा कोन?"

रखमाजीही वाकला. "त्योच की, इहीणबाई. पेटी तीच हाय, हॅट बी तीच."

"मग गुडघ्यापतुर दाडी कशी वाडली?" तिनं कागद आणखी जवळ घेतला. विमानाच्या पंखाला कोळ्याचं जाळं लागलं होतं. पहिल्या चित्रात चाकापाशी एक कोंबडी होती. सगुणाबाई खुदकन हसली. सकाळपासून पहिल्यांदाच. "खुडूक बसलीया! आन हितं बगा, पिल्लं बी निगाली. मंजी एवढं दिस इमान जाग्याचं हाललंच न्हाई?"

तिला आता राहवेना. भांडण विसरून तिनं कागद सुनेपुढं धरला. "रतन, काय लिवलंय गं?"

रतन चौथी शिकलेली. तिनं पदरानं डोळे पुसले. "दोनी चित्रांखाली एकच हाय, आत्याबाई. सरकारी इमानाचा बाबू म्हनतोय, 'बसा साहेब, विमान एवढ्यात सुटेल.'"

रखमाजीला ठसका लागला. तो शेवेचा नव्हता, कारण शेव अजून कुणी तोंडात टाकली नव्हती.

सगुणाबाईच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू विरलं. तिनं दाराबाहेर पाहिलं. मग वर ढगांकडं. पागोळ्या गळत होत्या, त्याखेरीज कसलाच आवाज नव्हता. इतक्यात खालच्या वळणावर एष्टीचा भोंगा वाजला. गाडी फाट्यावर क्षणभर थांबली, पुन्हा घुरघुरली आणि भोरच्या वाटेला लागली.

"एष्टी गेली," रखमाजी म्हणाला.

रतननं एकदा कागदाकडं पाहिलं, मग सासूकडं.

सगुणाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण सुनेची माफी मागायची रीत तिच्या सासूनं तिला शिकवली नव्हती. ती उठली, रतनच्या हातातलं गाठोडं ओढून घेतलं आणि आतल्या खुंटीला अडकवलं. "पाव्हणं, आता मुक्काम करा," ती म्हणाली. "आन उद्याच्याला एकलंच जावा."

तेवढ्यात ढगांच्या वरून घरघर ऐकू आली. तिघांनीही माना वर केल्या. सगुणाबाई पदर खोचून भर पावसात अंगणात गेली आणि कमरेवर हात ठेवून आभाळाकडं बघत ओरडली, "आलं व्हय आता, उंडगं कुठलं! कुनीतरी ह्याच्या बापाला निरोप धाडा रं!"